नभोवाणीचा श्रोता आणि दूरचित्रवाणीचा प्रेक्षक : १९६० च्या अमेरिकन वादसभेचा पुनर्विचार

अमेरिकेच्या राजकारणावरील ग्रंथांत आणि लोकमाध्यमांविषयीच्या पाठ्यपुस्तकांत एक विधान हटकून आढळते. २६ सप्टेंबर १९६० रोजी जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन या अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांत पहिली वादसभा झाली. ती ज्यांनी नभोवाणीवर ऐकली त्यांना निक्सन वरचढ वाटले आणि ज्यांनी ती दूरचित्रवाणीवर पाहिली त्यांना केनेडी वरचढ वाटले, हे ते विधान होय. त्यातून काढला जाणारा निष्कर्षही ठरलेला असतो : शब्दांवर चित्राने मात केली आणि त्या रात्रीपासून राजकारण हा करमणुकीचाच एक प्रकार झाला. या विधानाला आधार कोणता, तो किती भक्कम आहे, आणि आधार दुबळा असूनही त्याचा प्रभाव इतका का पडला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. वादसभेची पार्श्वभूमी

ही वादसभा घडून आली ती केवळ उमेदवारांच्या इच्छेने नव्हे. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यातील ३१५ व्या कलमाने प्रक्षेपण-केंद्रांवर एक बंधन घातलेले आहे. एखाद्या पदाच्या एका उमेदवाराला केंद्राने आपल्या प्रक्षेपणात स्थान दिले, तर त्याच पदाच्या इतर उमेदवारांनाही तितकीच संधी दिली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. १९५९ साली शिकागोच्या महापौरपदाचे एक उमेदवार लार डेली यांनी बातमीपत्रांतील दृश्यांनाही हा नियम लागू करावा अशी मागणी केली आणि संघीय दळणवळण आयोगाने ती मान्य केली. परिणामी बातम्या देणेच दुर्घट होण्याची वेळ आली. तेव्हा काँग्रेसने त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून बातमीपत्रे, वृत्तविषयक मुलाखती आणि घटनास्थळावरून दिलेले वृत्तांत यांना त्यातून वगळले. तथापि वादसभांचा प्रश्न तसाच राहिला. कारण अध्यक्षपदासाठी लहानसहान पक्षांचेही अनेक उमेदवार उभे असतात. अखेर १९६० च्या ऑगस्टमध्ये केवळ त्या निवडणुकीपुरते हे कलम स्थगित करण्यात आले, आणि दोनच उमेदवारांच्या वादसभेचा मार्ग मोकळा झाला.

या खटपटीत प्रक्षेपण-कंपन्यांचाही स्वार्थ होता. त्यांचे अत्यंत लोकप्रिय असे प्रश्नमंजुषेचे कार्यक्रम बनावट असल्याचे उघडकीस आले होते. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात अपूर्व कीर्ती मिळविलेले प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी नोव्हेंबर १९५९ मध्ये काँग्रेसच्या उपसमितीपुढे आपल्याला उत्तरे आधीच पुरविली जात असल्याची कबुली दिली. ज्या माध्यमाने ज्ञानाचे सोंग आणून प्रेक्षकांना फसविले, त्याला आपली पत सावरण्यासाठी गंभीर लोकसेवेचे दर्शन घडविणे आवश्यक झाले होते. म्हणजे राजकारणात करमणुकीने शिरकाव केला असे म्हणताना, करमणुकीने गमावलेली प्रतिष्ठा राजकारणाच्या आधारे परत मिळविली, ही दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे.

दूरचित्रवाणीचा प्रसारही या सुमारास पुरता झाला होता. १९५० साली अमेरिकेतील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम नऊ कुटुंबांत दूरचित्रवाणी-संच होते. १९६० पर्यंत हे प्रमाण शंभरात सत्त्याऐंशीच्या आसपास गेले. शिकागो येथील कलागृहातून प्रक्षेपित झालेली पहिली वादसभा सुमारे सात कोटी लोकांनी पाहिली, असा अंदाज आहे. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या विकारामुळे रुग्णालयात राहून आले होते. त्यांचे वजन घटले होते आणि चेहरा फिकट दिसत होता. त्यांच्या करड्या पोशाखाचा रंग कृष्णधवल चित्रात पार्श्वभूमीत मिसळून गेला, तर केनेडींचा गडद पोशाख उठून दिसला. या गोष्टी निर्विवाद आहेत. विवाद आहे तो त्यांच्या परिणामाविषयी.

२. विधानाचा आधार

श्रोते आणि प्रेक्षक यांच्यातील मतभेदाचे विधान मुख्यतः एकाच पाहणीवर उभे आहे. सिंडलिंगर या बाजार-पाहणी संस्थेने दूरध्वनीवरून ही पाहणी केली होती. तिच्या २,१३८ जणांच्या नमुन्यात नभोवाणीवर वादसभा ऐकणारे केवळ २८२ होते, आणि विजयी कोण याविषयी निश्चित मत देणारे त्यांतही १७८ च होते. या लहानशा गटाने सुमारे दोनास एक या प्रमाणात निक्सन यांच्या बाजूने कौल दिला.

डेव्हिड व्हॅन्सिल आणि स्यू पेंडेल या अभ्यासकांनी १९८७ साली या पाहणीची कसून तपासणी केली. त्यांचा मुख्य आक्षेप संख्येच्या अल्पतेपेक्षा गटाच्या स्वरूपावर आहे. १९६० साली दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली असताना नभोवाणीवर विसंबून राहणारा माणूस कोण असावा? तो ग्रामीण भागातील, प्रॉटेस्टंट पंथाचा आणि मुळातच रिपब्लिकन पक्षाकडे कल असणारा असण्याचा संभव अधिक. केनेडी कॅथलिक होते, आणि त्या निवडणुकीत हा मुद्दा गौण नव्हता. ऐकणाऱ्यांचा आणि पाहणाऱ्यांचा वादसभेपूर्वीचा कल काय होता, हे पाहणीत नोंदलेले नसल्यामुळे, निक्सन यांना मिळालेला कौल हा माध्यमाचा परिणाम की पूर्वकलाचा, हे सांगता येत नाही. दोन गट आधीच भिन्न असतील, तर त्यांच्यातील मतभेदाचे श्रेय माध्यमाला देणे हा कार्यकारणाचा सरळ विपर्यास होय.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. या निवडणुकीवरील थिओडोर व्हाइट यांचा गाजलेला ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. नभोवाणीच्या श्रोत्यांना दोघेही जवळजवळ तुल्यबळ वाटले, एवढेच व्हाइट म्हणतात. पुढील लेखकांच्या हाती ‘तुल्यबळ’चे ‘निक्सन विजयी’ झाले. मूळ पाहणीपर्यंत न जाता एकाने दुसऱ्याचा हवाला द्यावा आणि प्रत्येक पायरीवर विधान थोडे अधिक ठसठशीत व्हावे, असा हा प्रकार आहे.

त्या रात्रीने निवडणूक फिरली, हेही आकड्यांवरून दिसत नाही. वादसभेपूर्वी गॅलप यांच्या चाचणीत निक्सन यांना ४७ आणि केनेडींना ४६ टक्के मते होती. नंतरच्या चाचणीत केनेडींना ४९ आणि निक्सन यांना ४६ टक्के मिळाली. हा फरक नमुना-चाचणीच्या स्वाभाविक चुकीच्या मर्यादेतच बसतो. मात्र केनेडी अखेर सुमारे १ लक्ष १३ हजार मतांनीच, म्हणजे एकूण मतदानाच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी फरकाने, पुढे राहिले. इतक्या निसटत्या विजयात कोणतेही एक कारण निर्णायक ठरविता येते. आणि नेमक्या याच कारणाने कोणतेही एक कारण निर्णायक म्हणून सिद्ध करता येत नाही.

३. प्रयोगाची साक्ष

मग चित्राचा प्रभाव हा निव्वळ भ्रम समजावा काय? तसेही म्हणता येत नाही. जेम्स ड्रकमन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, या वादसभेची पूर्वमाहिती नसलेल्या १७१ जणांना यदृच्छेने दोन गटांत विभागले. एका गटाने वादसभा केवळ ऐकली, दुसऱ्याने पाहिली. विभागणी यदृच्छेने झाल्यामुळे पूर्वकलाचा दोष येथे उरला नाही. पाहणाऱ्यांनी केनेडींना विजयी ठरविण्याचे प्रमाण ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. पाहणाऱ्यांनी आपला निर्णय करताना उमेदवारांच्या व्यक्तिगुणांना, विशेषतः सचोटीच्या ठशाला, अधिक महत्त्व दिले. परंतु त्याचबरोबर पाहणाऱ्यांच्या ध्यानात वादसभेतील माहितीही अधिक राहिली, हा निष्कर्ष सहसा उद्धृत केला जात नाही. चित्र हे विचाराचे शत्रूच असते, या समजुतीला त्यामुळे छेद जातो.

या प्रयोगालाही मर्यादा आहेतच. चाळीस वर्षांनंतरचा प्रेक्षक हा १९६० चा मतदार नव्हे. केनेडींच्या नावाभोवती पुढे जमलेले वलयही त्याला सर्वस्वी अपरिचित असणे कठीण. तेव्हा ‘दृश्य माध्यम निर्णयाचे निकष बदलू शकते’ असे म्हणण्यास आधार आहे. ‘त्या रात्री त्याने निकाल बदलला’ असे म्हणण्यास नाही. या दोन विधानांतील अंतर राखणे हेच संशोधकाचे काम होय.

४. समजुतीचे परिणाम

एखादे विधान सिद्ध झालेले नसले, तरी ते खरे मानून माणसे वागू लागली म्हणजे त्याचे परिणाम खरेच होतात. १९६४, १९६८ आणि १९७२ या तिन्ही निवडणुकांत अध्यक्षपदाच्या वादसभा झाल्या नाहीत. ३१५ वे कलम पुन्हा लागू असणे हे एक कारण, आणि आघाडीवरील उमेदवाराने धोका का पत्करावा, हा हिशेब हे दुसरे. वादसभा टाळणारे निक्सन दूरचित्रवाणीपासून मात्र दूर राहिले नाहीत. १९५२ साली आपल्यावरील आरोपांना दूरचित्रवाणीवरूनच उत्तर देऊन त्यांनी उपाध्यक्षपदाची उमेदवारी राखली होती. १९६८ साली त्यांनी आपल्याच नियंत्रणाखालील कार्यक्रमांचा आश्रय घेतला, आणि १६ सप्टेंबर रोजी ‘लाफ-इन’ या विनोदी कार्यक्रमात क्षणभर दर्शनही दिले. विरोधकाच्या प्रश्नापेक्षा विनोदी नटांचा सहवास अधिक सुरक्षित, असा धडा येथे घेतला गेला.

१९७५ साली आयोगाने कायद्याचा नवा अर्थ लावला. वादसभा त्रयस्थ संस्थेने भरविली आणि केंद्रांनी केवळ तिचा वृत्तांत दिला, तर ती ‘बातमी’ ठरेल, असे मानण्यात आले. आणि १९७६ साली महिला मतदार संघाच्या विद्यमाने फोर्ड आणि कार्टर यांच्या वादसभा झाल्या. मात्र करमणुकीचे कार्यक्रम त्या सवलतीबाहेर राहिले. त्याच वर्षी रोनाल्ड रेगन उमेदवार असताना त्यांचे जुने चित्रपट दाखविल्यासही समान संधीचा हक्क उत्पन्न होतो, असा निर्णय झाला. २०१५ साली डोनाल्ड ट्रम्प आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कमला हॅरिस ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात आले, तेव्हा संबंधित कंपनीला प्रतिस्पर्ध्यांनाही वेळ द्यावा लागला.

प्रक्षेपण-लहरी मर्यादित आहेत आणि म्हणून त्या वापरणाऱ्यावर लोकहिताचे बंधन असावे, हे या नियमामागचे तत्त्व. आंतरजालावरील दृक्‌चित्रे आणि ध्वनिमालिका यांना ते लागू नाही. आणि अमेरिकन मतदाराच्या हातातील भ्रमणध्वनीवर तर वृत्त, विनोद आणि प्रचार हे एकाच पडद्यावर एकामागून एक येतात. त्यांचा परिणाम किती, हा प्रश्न १९६० च्या प्रश्नाहून अधिक गुंतागुंतीचा आहे. कारण तेव्हा सात कोटी लोकांनी निदान एकच वस्तू पाहिली होती.

म्हणूनच या जुन्या प्रकरणाचे मोल आजही आहे. कोणी काय पाहिले, पाहण्यापूर्वी त्याचे मत काय होते, आणि जो फरक दिसला तो पाहण्यामुळेच घडला काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याविना माध्यमाच्या सामर्थ्याविषयी केलेले प्रत्येक विधान १७८ श्रोत्यांच्या कौलाइतकेच अधांतरी राहील.