पेशींचे अंगरक्षक : किरणोत्सर्ग आणि आपले शरीर

घरातील कोणा ज्येष्ठाला सीटी स्कॅन सांगितला गेला, किंवा कर्करोगासाठी किरणोपचार ठरले, की कुटुंबात दोन शंका हमखास डोके वर काढतात. पहिली स्वतः रुग्णाची असते : ‘या वयात एवढी किरणे शरीराला सोसतील का?’ दुसरी घरच्यांची : ‘सून गरोदर आहे, तिने सासऱ्यांच्या जवळ बसावे की नाही?’ या दोन्ही शंकांची उत्तरे समजून घ्यायची तर आपल्या शरीरात किरणांविरुद्ध कोणती संरक्षणव्यवस्था अखंड कार्यरत असते, हे आधी जाणून घेणे हिताचे ठरते.

किरणे पेशीत नेमके काय करतात?

आपल्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे. क्ष-किरण पेशीतून जातात तेव्हा ते मुख्यतः या पाण्याच्या रेणूंवर आदळतात आणि त्यांचे तुकडे करतात. त्यातून ‘हायड्रॉक्सिल’ नावाचा अत्यंत आक्रमक मुक्त कण निर्माण होतो. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकेच असते; मात्र तेवढ्या अवधीत तो शेजारी असेल त्या रेणूवर तुटून पडतो. गवताच्या गंजीजवळ उडालेल्या ठिणगीसारखे हे आहे. ठिणगी क्षणात विझते, पण तत्पूर्वी ती कशावर पडली, यावर सारे अवलंबून असते. ती डीएनएवर पडली, तर त्याचा धागा तुटतो. क्ष-किरणांमुळे डीएनएला होणाऱ्या हानीपैकी सुमारे दोनतृतीयांश हानी अशी पाण्याच्या मार्गाने, अप्रत्यक्षपणे होते. म्हणूनच या ठिणग्या मधल्यामध्ये टिपून घेणाऱ्या रसायनांना महत्त्व आहे.

पहिली फळी : ग्लुटाथिऑन आणि त्याचे सोबती

ग्लुटाथिऑन हा तीन अमिनो आम्लांचा बनलेला छोटासा रेणू आपल्या प्रत्येक पेशीत असतो. त्यातील सिस्टीन या अमिनो आम्लात गंधक असते. हा गंधकयुक्त भाग आपला हायड्रोजन अणू देऊन मुक्त कणाला शांत करतो. इतकेच नव्हे, तर डीएनएवर नुकतीच झालेली जखमही काही वेळा त्याच रीतीने जागच्या जागी भरून काढतो. याखेरीज सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटलेज ही विकरे प्राणवायूपासून बनणारे इतर उपद्रवी रेणू निकामी करतात.

या रसायनांचे सामर्थ्य १९४९ मध्ये स्पष्ट झाले. अमेरिकेत शिकागोजवळील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हार्वी पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना क्ष-किरणांची घातक मात्रा देण्यापूर्वी सिस्टीन टोचले. त्यांतील बहुसंख्य उंदीर वाचले. तेच सिस्टीन किरणांनंतर दिले, तेव्हा मात्र त्याचा उपयोग झाला नाही. कारण उघड आहे : ज्या शत्रूचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे, त्याला रोखणारा पहारेकरी घटनेच्या क्षणी जागेवर हजर असावाच लागतो. याच सूत्रावरून पुढे अमिफॉस्टीन हे औषध तयार झाले. डोके व मान यांच्या किरणोपचारांत तोंडाची लाळ सुकू नये म्हणून ते निवडक रुग्णांना उपचारापूर्वी दिले जाते.

दुसरी फळी : दुरुस्ती आणि त्याग

पहारा कितीही कडक असला, तरी काही ठिणग्या निसटतातच. १ ग्रे इतक्या मात्रेने एका पेशीतील डीएनएचे सुमारे १,००० एकेरी आणि साधारण २० ते ४० दुहेरी धागे तुटतात. तरीही बऱ्याच पेशी जगतात, कारण तुटलेले धागे सांधणारी विकरे लगेच कामाला लागतात. डीएनएच्या या दुरुस्तीचा उलगडा केल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कामावर पी-५३ नावाच्या प्रथिनाची देखरेख असते. डीएनए बिघडल्याचे कळताच ते पेशीचे विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ मिळवून देते. बिघाड हाताबाहेरचा असेल, तर ते त्या पेशीला आत्मनाशाचा आदेश देते. सदोष पेशी वाढत राहण्यापेक्षा ती नाहीशी होणे संपूर्ण शरीराच्या हिताचे असते.

किरणोपचार, ज्याला बोलीत ‘शेक देणे’ किंवा ‘लाइट देणे’ म्हणतात, एकाच दिवशी न उरकता आठवड्यातून पाच दिवस, अनेक आठवडे का चालतात, याचे एक प्रमुख कारण येथेच आहे. दोन मात्रांमधील तासांत निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे साधत नाही. म्हणून डॉक्टरांना न विचारता मधले दिवस चुकवू नयेत.

गर्भाचे संरक्षण

स्त्रीबीज पक्व होताना त्यात ग्लुटाथिऑनचा साठा होतो आणि फलनानंतरच्या पहिल्या दिवसांत ही शिदोरी गर्भाच्या उपयोगी पडते. त्या काळात गर्भाच्या पेशी एकमेकींची जागा घेऊ शकतात. त्यामुळे मोठ्या मात्रेने एक तर गर्भ टिकत नाही, किंवा टिकला तर बहुधा निर्व्यंग वाढतो. येथेही पी-५३ ची भूमिका मोलाची आहे. जपानमधील संशोधकांनी १९९६ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की पी-५३ नसलेल्या गर्भांमध्ये किरणांनंतर व्यंगांचे प्रमाण वाढते. ते असलेल्या गर्भांमध्ये बिघडलेल्या पेशी वेळीच काढून टाकल्या जातात.

मात्र या संरक्षणाला मर्यादा आहे. हिरोशिमा आणि नागासाकी येथे मातेच्या उदरात असताना किरणोत्सर्ग झालेल्या मुलांच्या अभ्यासातून दिसले, की गर्भाचा मेंदू ८ ते १५ आठवड्यांच्या काळात सर्वाधिक नाजूक असतो. सर्वसाधारणपणे १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रेने गर्भात व्यंग निर्माण झाल्याचा पुरावा नाही. तुलनेसाठी सांगायचे, तर मातेच्या छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेहूनही कमी मात्रा पोहोचते, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती सरासरी ८ मिलिग्रेच्या आसपास असते. म्हणून गर्भारपणी पोटाचा स्कॅन विचारपूर्वकच करावा. परंतु नकळत एखादा एक्स-रे झाला म्हणून गर्भपाताचा विचार मनात आणू नये.

घरी काय करावे, काय टाळावे?

आता सासऱ्यांजवळ बसावे की नाही, या प्रश्नाकडे येऊ. यंत्रातून बाहेरून दिलेले किरण शरीरात साठत नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे आहे. असा रुग्ण घरी आल्यावर सुनेने त्यांच्याजवळ बसावे, नातवंडांनी मांडीवर खेळावे; कोणताही धोका नाही. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिले असेल, किंवा शरीरात किरणोत्सारी स्रोत बसवला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनी किती दिवस दूर राहायचे, ते रुग्णालयाकडून लेखी घ्यावे.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. ‘मुक्त कणांपासून रक्षण’ असे लिहिलेल्या गोळ्यांच्या बाटल्या अनेक मुलेमुली प्रेमापोटी आजारी आईवडिलांसाठी आणतात. किरणोपचार चालू असताना त्या देऊ नका. किरणांनी कर्करोगाच्या पेशी मारायच्या असतात त्या याच मुक्त कणांच्या बळावर. अंगरक्षक निरोगी पेशीला वाचवू शकतो, तसा तो रोगी पेशीलाही वाचवू शकतो. कॅनडात डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा व बीटा-कॅरोटीन दिल्यावर किरणोपचारांचे तीव्र दुष्परिणाम कमी झाले. पण रोग त्याच जागी उलटण्याकडे कल वाढलेला दिसला. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांची स्थिती अधिकच वाईट होती. तेव्हा घरात जी काही गोळी, चूर्ण किंवा काढा चालू असेल, तो किरणोपचारतज्ज्ञांना दाखवूनच पुढे चालू ठेवा.

मग शरीराचे स्वतःचे रसायन टिकवायचे कसे? वयोमानानुसार ग्लुटाथिऑनची पातळी घटते आणि तोंडावाटे घेतलेले ग्लुटाथिऑन बहुतांश आतड्यातच मोडले जाते. ते पेशींना स्वतःच बनवावे लागते व त्यासाठी प्रथिने लागतात. वरणभात, उसळ, दूध, दही, चालत असल्यास अंडे, हे ज्येष्ठांच्या ताटात रोज असावे. गिळताना त्रास होत असेल, तर मऊ खिचडी व पातळ वरण थोड्या थोड्या वेळाने द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पॅरासिटामॉलची अतिमात्रा यकृतातील ग्लुटाथिऑन संपवते. ती गोळीही सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावी.

शेवटी स्कॅनविषयी. गरजेचा स्कॅन भीतीपोटी टाळू नका. साठीसत्तरीनंतर निदान लांबण्याचा धोका किरणांच्या धोक्यापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. पण जुन्या तपासण्यांचे अहवाल व फिल्म एका पिशवीत जपून ठेवा आणि प्रत्येक भेटीत सोबत न्या. आधीच झालेली तपासणी पुन्हा करावी लागली नाही, तर आपल्या पेशींतील पहारेकऱ्यांचे कामही तेवढेच हलके होईल.