भोरडीचं घड्याळ

फेब्रुवारी सरत आला की पुण्यातले पांगारे आणि काटेसावरी पानं झाडून लालभडक होतात आणि त्यांच्यावर एकच कलकलाट सुरू होतो. साळुंकीएवढा पक्षी, अंग फिकट गुलाबी; डोकं, पंख, शेपूट काळी कुळकुळीत आणि मागे झुकलेला तुरा. फुलात मान खुपसून मध प्यायचा, परागांनी माखलेलं कपाळ घेऊन तसंच पुढच्या फुलावर जायचं. पक्षीनिरीक्षकांची ही पळसमैना. ज्वारी राखायला माळ्यावर चढून गोफण फिरवणारा शेतकरी मात्र तिला भोरडी म्हणतो, आणि ते काही फार प्रेमाने नाही.

एप्रिल संपता संपता हा गोंगाट थांबतो. भोरड्या कझाकस्तानकडे, त्याही पलीकडे पूर्व युरोपातल्या गवताळ माळांकडे निघून जातात. तिथे नाकतोडे आणि टोळ माजतात त्याच सुमाराला दगडांच्या कपारींत त्यांची पिल्लं वाढतात. इतक्या लांबची दिशा त्यांना कळते कशी?

तिच्या युरोपातल्या चुलत भावंडाने, स्टार्लिंगने, याचं एक उत्तर दिलं आहे. १९५०च्या सुमारास जर्मनीत गुस्टाव्ह क्रामरने स्टार्लिंग गोल पिंजऱ्यात ठेवले. स्थलांतराच्या दिवसांत ते एका ठरावीक दिशेला तोंड करून पंख फडफडवत. क्रामरने खिडक्यांना आरसे लावून सूर्यप्रकाश ९० अंशांनी वळवला, तर पक्षीही तेवढेच वळले. आभाळ भरून आलं की मात्र त्यांची दिशा हरवे. म्हणजे होकायंत्र सूर्याचंच!

पण खरी गंमत पुढेच आहे. सूर्य काही एका जागी थांबत नाही. सकाळी पूर्वेला असलेला सूर्य संध्याकाळी पश्चिमेला जातो. ‘सूर्य पाठीशी ठेवून चला’ हा सल्ला सकाळी पश्चिमेला नेईल आणि संध्याकाळी उलट पूर्वेला आणून सोडेल. तेव्हा सूर्यावरून दिशा काढायची तर आत्ता किती वाजले हे माहीत हवं. क्लाउस हॉफमन याने १९५४मध्ये नेमकं तेच तपासलं. कृत्रिम दिव्यांच्या उजेडात ठेवून त्याने स्टार्लिंगांचं आतलं घड्याळ सहा तासांनी सरकवलं. मग पक्षी खाणं शोधायला गेले ते सुमारे ९० अंश चुकीच्या दिशेला! समजा, घड्याळ सहा तास मागे पडलं आहे. भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, पण पक्ष्याच्या मते सकाळचे सहा वाजलेत, म्हणजे ती पूर्वच. पश्चिमेला जायचं म्हणून तो सूर्याकडे पाठ करतो आणि उत्तरेला निघतो. गणित चोख, फक्त घड्याळ चुकलेलं.

पुण्यात तर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. आपण शून्य सावली दिवस म्हणतो तो हाच. त्या क्षणी सूर्यावरून कुणालाच दिशा सांगता येणार नाही. भोरड्या मेच्या आधीच गेलेल्या असतात हा योगायोगच, पण मला तो आवडतो.

निघायचं केव्हा, हा प्रश्न उरतोच. वाढत जाणारा दिवस ही एक खूण आहे. पण पुण्यात सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेराचा. फरक फारसा नाही. इथे दुसरा पुरावा कामी येतो. एबरहार्ड ग्विनरने युरोपातले वटवटे कायम १२ तास उजेड आणि १२ तास अंधार अशा खोलीत वाढवले. बाहेरचा एकही ऋतू त्यांना कळत नव्हता. तरी पिसं झडणं, रात्रीची प्रवासाची तगमग, सगळं वर्षानुवर्षं फिरून येत राहिलं. फक्त चक्र १२ महिन्यांचं न राहता दहाच्या आसपास आलं. पंचांग आतलंच, बदलता दिवस ते फक्त जुळवून देतो.

येत्या वसंतात एखादा फुललेला पांगारा हेरून ठेवा, सकाळी लवकर जा. शेवटची भोरडी ज्या दिवशी दिसेल ती तारीख लिहून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. अशा साध्या नोंदी वर्षानुवर्षं साठल्या तरच भोरड्यांचं वेळापत्रक बदलतंय की नाही ते कळेल.