वहीतली काटकसर : कर्जफेडीचा एक वर्धेकडचा हिशेब

आमच्या हिंगणघाटात जुन्या पेढ्यांवर अजूनही लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जाते. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर हळदकुंकवाचे स्वस्तिक आणि त्याखाली शुभ-लाभ. मी एका जिनिंगमध्ये कारकून होतो, त्यामुळे दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात वीस वर्षे गेली. स्वतःच्या घराची वही मात्र मी पहिल्यांदा लिहिली ती २००९ च्या दिवाळीच्या पाडव्याला, वयाची चाळिशी गाठल्यावर. तीही हौसेने नव्हे. वडिलांचे आजारपण आणि बहिणीचे लग्न एका वर्षात आले आणि घरावर २ लाख १५ हजारांचे कर्ज झाले होते.

प्रस्तुत लेख त्या वहीपासून सुरू होतो, पण तो माझी कहाणी सांगण्यासाठी नाही. रोजच्या काटकसरीने कर्ज फिटते का, फिटत असेल तर किती आणि कुठवर, हा प्रश्न गेली दहा-बारा वर्षे माझ्या मागे लागला आहे. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. जे वाचले ते नोकरी सांभाळून, वाचनालयात बसून वाचले. म्हणून वाचकांनी माझे शब्द न घेता आकडे तपासून घ्यावेत, ही विनंती.

वर्ध्याला लाभलेली हिशेबाची परंपरा

काटकसरीचा विचार करायला वर्धा जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. पाठकोरे कागद आणि आलेल्या पत्रांची पाकिटे उलटून ते लिहिण्यासाठी वापरीत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागची सवय मात्र फार जुनी होती. लंडनला विद्यार्थी असताना ते पै-पैचा खर्च टिपून ठेवीत, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. वही डोळ्यांसमोर होती म्हणूनच त्यांना राहण्याची जागा लहान करणे, गाडीभाडे वाचवून पायी जाणे आणि हाताने रांधणे सुचले. मला यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी नोंद झाली, कपात नंतर आली. आपण बहुतेक जण आधी कपात करतो, नोंद कधीच करीत नाही आणि महिनाअखेरीला पैसा गेला कुठे म्हणून एकमेकांवर चिडतो.

दुसरे नाव जे. सी. कुमारप्पांचे. ते लंडनला हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि त्याचा कारभार त्यांनी सांभाळला. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, मगनचूल हे तिथले प्रयोग. १९३८ साली उघडलेल्या मगन संग्रहालयात त्या परंपरेच्या खुणा आजही पाहता येतात. कुमारप्पांच्या मांडणीत काटकसर म्हणजे कमी खाणे नव्हे. खर्चलेला रुपया कुणाच्या हाती जातो आणि गावात फिरतो की गावाबाहेर निघून जातो, हे पाहून खर्च करणे म्हणजे काटकसर. कर्जाचे व्याज या कसोटीवर लावले तर तो सर्वांत वाईट खर्च ठरतो. त्याच्या बदल्यात घरात काहीच येत नाही, ना धान्य, ना कापड, ना औषध.

वही काय सांगते

आता माझा हिशेब. किराणा दुकानाची उधारी १० हजार, नातेवाइकांचे हातउसने ४५ हजार, एका पतसंस्थेचे १ लाख आणि एका सावकाराचे ६० हजार. सावकाराचा दर महिना तीन टक्के. मिळकत माझी ९ हजार आणि पत्नीच्या शिवणकामाचे अडीच हजार.

सावकाराला मी आधीचे वर्षभर दरमहा १,८०० रुपये नेऊन देत होतो. वर्षात २१,६०० रुपये गेले. मला वाटे, फेड चालू आहे. वहीत मुद्दल आणि व्याज असे दोन रकाने पाडले आणि पहिल्यांदा दिसले, की मुद्दलातून एक रुपयाही कमी झालेला नाही. ६० हजारांचे तीन टक्के म्हणजे नेमके १,८००. मी कर्ज फेडत नव्हतो, त्याला फक्त चारा घालत होतो.

पतसंस्थेचा दर बारा टक्के सांगितला होता, तीन वर्षांचा. पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावर धरले होते. म्हणजे ३६ हजार व्याज मिळवून १ लाख ३६ हजार, त्याचे ३६ हप्ते, हप्ता ३,७७८ रुपये. दर हप्त्याला मुद्दल घटत असते, तरी व्याज घटत नाही. घटत्या शिल्लक रकमेवर मांडले तर हाच दर वर्षाला सुमारे २१ टक्के पडतो. 'सरळ व्याज' आणि 'घटत्या शिलकीवरचे व्याज' हा फरक कर्ज घेताना विचारावा, एवढे जरी या लेखातून कुणाच्या लक्षात राहिले तरी लिहिणे कारणी लागले.

मग कपात. मी मोटारसायकल १० हजारांना विकली, किराण्याची उधारी त्याच दिवशी फेडली आणि सायकल काढली. पेट्रोलचे ४५० वाचले. दिवसाला दोन खर्रे खात असे, ते सोडले, ३०० वाचले. रोज पुडी-पुडी आणण्याऐवजी महिन्याचा किराणा रोखीने एकदम भरला, त्यात २०० राहिले. मोबाईलच्या रिचार्जातले ५०. झाले १ हजार. स्वयंपाकघरात पत्नीने माझ्या आईचे दिवस परत आणले. उन्हाळ्यात मुगवड्या, सांडगे आणि कुरडया घातल्या. पावसाळ्यात भाजी महाग झाली की अंबाडी आणि झुणका-भाकर. मुलांच्या दुधाला मात्र हात लावायचा नाही, हे तिने पहिल्याच दिवशी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते.

हा हजार रुपया सावकाराच्या १,८०० मध्ये मिळवला. दरमहा २,८०० भरले तर ६० हजार ३५ महिन्यांत फिटतात. फक्त १,८०० भरले असते तर तेवढ्याच काळात ६३ हजार देऊनही ६० हजार शिल्लकच राहिले असते. आणखी एक हजार, म्हणजे ३,८०० भरता आले असते, तर २२ महिने पुरले असते आणि एकूण देणे सुमारे १५ हजारांनी घटले असते. व्याजावरचा प्रत्येक जादा रुपया थेट मुद्दलावर पडतो. पुढच्या महिन्याचे व्याज त्या घटलेल्या मुद्दलावर लागते. काटकसरीची ताकद एवढ्यातच आहे.

तिच्या तीन अटी मात्र आहेत. वाचलेला पैसा त्याच दिवशी वेगळा काढावा, नाहीतर तो दुसऱ्या वाटेने जातो. सर्वांत जास्त दराचे देणे आधी फेडावे. आणि वही घरातल्या सर्वांनी पाहावी. तिसरी अट सर्वांत अवघड. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी कित्येक घरांच्या हिशेबात 'इतर' हा रकाना का फुगतो, हे त्या घरातल्या बाईला पक्के ठाऊक असते. माझा खर्राही आधी 'इतर'मध्येच होता. पत्नीने तो खोडून 'खर्रा' असे स्वच्छ लिहिले.

ऑक्टोबर २०१२ पर्यंत सावकार आणि पतसंस्था दोन्ही संपले. मोकळा झालेला हप्ता नातेवाइकांकडे वळवला आणि २०१३ च्या अक्षय्य तृतीयेला शेवटचे देणे दिले. त्या दिवशी घरात आमरस होता.

कष्टाने फेडले, पण किती फेडले?

इथे लेख संपवला असता तर तो सुखाचा झाला असता. पण पुढे सावकारी कायदा वाचताना मला माझीच वही पुन्हा उघडावी लागली.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे. घेणेकऱ्याला मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येऊ नये, असा त्याचा आशय. मी ६० हजारांवर एकूण सुमारे ५९ हजार व्याज दिले होते. म्हणजे दामदुपटीला जेमतेम हजार रुपये कमी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याखाली ठरलेले दर असे : शेतकऱ्याला तारण कर्जास वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, इतरांना तारण १५ आणि विनातारण १८. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा. कर्जापोटी नावावर करून घेतलेली शेतजमीन १५ वर्षांच्या आतली असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून चौकशीअंती ती परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. आमच्याकडे सावकार गहाणखत न करता विक्रीखतच लिहून घेतो, म्हणून ही तरतूद मोलाची.

माझे कर्ज या कायद्याच्या आधीचे. तरी तुलना करून पाहिली. तेच ६० हजार १८ टक्क्यांनी असते आणि मी तेच २,८०० भरले असते, तर ३५ ऐवजी २६ महिने लागले असते, आणि त्या काळातले व्याज ३७ हजारांऐवजी १३ हजारांच्या आत राहिले असते. म्हणजे तीन वर्षे सायकल चालवून, खर्रा सोडून जे साधले, त्यातला मोठा वाटा चढ्या दराने गिळला. मी खर्चाची पै-पै तपासली, दराला मात्र एकदाही प्रश्न विचारला नाही. काटकसरी माणसाचा हा दोष असतो. तो स्वतःलाच कापत राहतो.

बचत गटांतल्या बायका याबाबतीत माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या. गटात महिना दोन टक्के घेतात, तोही दर काही कमी नाही. पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडते आणि वर्षअखेरीला त्यांच्याच हिश्शात येते. रुपया कुठे जातो, ही कुमारप्पांची कसोटी त्यांनी पुस्तक न वाचता लावलेली आहे.

जिथे काटकसर पुरत नाही

माझी मिळकत महिन्याची होती. कास्तकाराची तशी नसते. कापूस-सोयाबीनचा चुकारा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि त्यातूनच कृषी केंद्राची उधारी, शाळेची फी, सालदाराची उचल भागवायची असते. त्याला महिन्याला हजार वाचवा म्हणणे म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात मागणे. त्याच्यासाठी हिशेबाचा दिवस एकच, चुकारा हाती येण्याचा. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्क्याने पडते. म्हणून चुकाऱ्यातून आधी सोसायटी किंवा बँक मोकळी करणे, ही त्याच्या घरची सर्वांत मोठी काटकसर. पण पीकच बुडाले तर हा सल्लाही बुडतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाचे जे सहा जिल्हे होते त्यांत वर्धा होता, हे विसरून इथे कुणी काटकसरीवर प्रवचन देऊ नये. पुढे २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या आल्या. त्या बँका आणि सोसायट्यांच्या कर्जासाठी होत्या. खासगी सावकाराची वही त्यांनी मिटली नाही.

दुसरी मर्यादा आजारपणाची. माझ्या कर्जाचे मूळ तिथेच होते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने यावर १९८० च्या सुमारास एक उपाय करून दाखवला, तो जुन्या लोकांना आठवत असेल. आसपासच्या गावांतून सुगीच्या वेळी ज्वारी गोळा करायची, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यायची, आणि त्या मोबदल्यात गावाला उपचाराची हमी मिळायची. पैसा नसतो तेव्हा आजार येतो आणि ज्वारी असते तेव्हा माणूस धडधाकट असतो, ही गाठ त्या योजनेने ओळखली होती. एकट्याची बचत दवाखान्याच्या एका बिलात वाहून जाते. गावाची कोठी सहसा जात नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष साधा आहे. काटकसर कर्ज फेडते, पण दर कळलेला असला तर. ती नोकरदाराला उपयोगी, कास्तकाराला अर्धी उपयोगी आणि आजारपणापुढे एकटी अपुरी. म्हणून वही लिहावी, दर विचारावा आणि शक्य तिथे चार घरांनी मिळून कोठी भरावी.

आपल्याकडे ऋण काढून सण करू नये म्हणतात. या लक्ष्मीपूजनाला शंभर पानी साधी वही आणली तरी पुरे. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहा आणि दुसऱ्या पानावर दोन रकाने पाडा, मुद्दल आणि व्याज. माझी २००९ ची वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्या कोपऱ्यातले 'दुधाला हात लावायचा नाही' हे पत्नीचे अक्षर आजही वाचता येते.