मावळ्याचा चेहरा गुलाबी का?

दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेले मावळे निरखून पाहिले, तर पुष्कळांचे चेहरे एकाच फिक्कट गुलाबी रंगात बुडवलेले दिसतात. दुकानात ‘स्किन’ किंवा ‘फ्लेश’ या नावाने मिळणारा तयार रंग मुळात युरोपीय कांतीच्या कल्पनेतून आला आहे. सह्याद्रीच्या उन्हात वावरलेल्या माणसाची त्वचा तशी नसते. जालन्याच्या मोंढ्यातील हमालाची नसते, तशी पेढीवर बसणाऱ्या आपलीही नसते. ‘त्वचेचा रंग’ म्हणजे कोणता, हे मूल मात्र त्या बाटलीवरून शिकते.

आपल्या पूर्वजांची दृष्टी अधिक उदार होती. शेजारच्या जिल्ह्यातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एकाच प्रसंगात गोरी, गव्हाळ, सावळी माणसे शेजारी-शेजारी आहेत, आणि ती रंगवली गेली गेरू, पिवळी माती, काजळी अशा साध्या द्रव्यांनी.

अ‍ॅक्रिलिक रंगांतही वाट तीच आहे. दोन भाग बर्न्ट सिएना, एक भाग यलो ऑकर आणि थोडा पांढरा घेतला की गव्हाळ छटा मिळते. ती फार नारिंगी वाटल्यास अल्ट्रामरीन निळ्याचा एक ठिपका पुरतो. शाडू किंवा प्लास्टरची मूर्ती रंग शोषून घेते, म्हणून आधी अस्तर द्यावे. एवढ्या लहान चेहऱ्यावर नैसर्गिक सावली पुरेशी पडत नाही. ती रंगानेच द्यावी लागते. डोळ्यांच्या खोबणी, हनुवटीखालचा भाग आणि पागोट्याची कड यांसाठी मूळ रंगात बर्न्ट अंबर मिसळावा. काळा मिसळल्यास त्वचा मळकट दिसते. नाकाचा शेंडा, गालाचे हाड आणि बोटांची पेरे यांवर पिवळसर उजळ छटा द्यावी. ओठ व कानाच्या पाळ्यांना किंचित लाली. डोळे सर्वांत शेवटी.

रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावेत. हा रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, हे गृहीत धरावे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो तबकडीवरच सुकतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर अंथरला आणि त्यावर रंग मिसळले, तर ते बराच वेळ ओले राहतात.

अहिंसेच्या दृष्टीने खरेदीच्या वेळी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. बारीक कामाचे काही ब्रश मुंगसाच्या केसांचे असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. नायलॉनच्या ब्रशने हे काम उत्तम होते. दुसरी गोष्ट ‘आयव्हरी ब्लॅक’ या रंगाची. तो प्राण्यांची हाडे जाळून बनवतात. पागोट्याच्या काठाला किंवा मिशांना काळा हवाच असेल, तर बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून तो घरीच तयार होतो.

यंदा किल्ला उभारताना नातवंडांना एवढेच सांगावे : गुलाबी बाटली बाजूला ठेवा, आपला हात मूर्तीशेजारी धरा आणि त्याच्याशी रंग जुळवा. घरातल्या प्रत्येकाच्या हाताची छटा वेगळी निघेल. मग किल्ल्यावरचे मावळेही एकसारखे उरणार नाहीत.