क्रीडाकार्डांच्या प्रदर्शनांतील भाव आणि घासाघीस

खेळाडूचे चित्र व कारकिर्दीचे आकडे छापलेली पुठ्ठ्याची कार्डे जमविण्याचा छंद अमेरिकेत शतकाहून अधिक जुना आहे. आरंभी सिगारेटच्या पाकिटांतून व पुढे च्युइंगमसोबत मिळणाऱ्या या कार्डांपैकी मोजकेच नग आज दुर्मीळ ठरले आहेत; टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या मिकी मँटलच्या एका कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. तथापि या व्यवहाराचे नित्याचे रूप अशा लिलावांत नव्हे, तर सभागृहांत मेजे मांडून भरविल्या जाणाऱ्या प्रदर्शनांत दिसते. ‘प्रदर्शन’ हे केवळ नाव. तो बाजारच होय.

येथे घासाघिशीला वाव मिळतो तो मालाच्या स्वरूपामुळे. एकाच छपाईची दोन कार्डे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीच्या समासाची समानता यांनुसार किमतीत कितीतरी पटींनी भिन्न ठरतात. त्यामुळे चिठ्ठीवरील आकडा हा बोलणीचा केवळ आरंभ असतो. संख्याशास्त्रज्ञ जेम्स बेकेट यांनी डेनिस एकेस यांच्यासह १९७९ मध्ये भावसूची प्रसिद्ध केल्यावर दोन्ही पक्षांच्या हाती एक समान आधार आला. १९९१ पासून कार्डांना १ ते १० अशी श्रेणी देऊन ती बंदिस्त करणारी संस्थाही सुरू झाली. वाद मिटला नाही, त्याचा विषय तेवढा बदलला.

विक्रेता भाव सांगताना कार्डाबरोबर ग्राहकाचेही मोल करतो. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट यांनी याच प्रदर्शनांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वेतवर्णीय तरुण पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया, अश्वेतवर्णीय व वयस्क यांना प्रारंभीचे तसेच अंतिम प्रस्तावही अधिक प्रतिकूल मिळत असल्याचे त्यांत आढळले. पूरक प्रयोगांवरून लिस्ट यांनी असा निष्कर्ष काढला की, याचे मूळ द्वेषात नसून ‘हा ग्राहक किती द्यायला तयार होईल’ या अटकळीत आहे. अनुभवी ग्राहक चिकाटीने हे अंतर बरेचसे भरून काढतात. मात्र त्यासाठी त्यांना अधिक वेळ खर्चावा लागतो. हेतू निर्मळ असला तरी ज्याला जास्त पैसे मोजावे लागतात त्याचे नुकसान तेवढेच राहते, हे येथे विसरता येत नाही.

आता ग्राहक भ्रमणध्वनीवर त्याच कार्डाच्या अलीकडील विक्रीचे आकडे पाहतो. मूल्य उभयपक्षी ज्ञात असल्याने झगडा राहतो तो विक्रेत्याच्या वाट्याचा. कार्ड विकत घेताना विक्रेता या आकड्याहून बराच कमी भाव देतो. मेजाचे भाडे, प्रवास आणि माल विकला जाईपर्यंत अडकून पडणारा पैसा ही त्याची कारणे. नवख्याला ती लूट वाटते, आणि कधी ती असतेही. दुसऱ्या बाजूने ग्राहक रोख पैसे पुढे करतो, अनेक कार्डे एकत्र घेऊन सूट मागतो, किंवा समारोपाच्या दुपारपर्यंत थांबतो, कारण उरलेला माल पुन्हा बांधून नेणे विक्रेत्याला नकोसे असते. दुसऱ्याची बोलणी चालू असताना मध्ये भाव सांगणे मात्र असभ्य समजले जाते.

ज्या कार्डाची विक्री वर्षानुवर्षे नोंदलीच गेलेली नाही, त्याच्यापुढे भ्रमणध्वनीही मुका होतो. तेथे जुनीच रीत चालते: दोघेही पहिला आकडा समोरच्याने उच्चारावा म्हणून थांबून राहतात.