'नोकर' : एका भटक्या राष्ट्राचा मराठीतील शब्द

वसई-विरारहून रोज पहाटे हजारो माणसे लोकलगाडीने मुंबईस नोकरीकरिता जातात. सागरतीरावरील या लोकांच्या तोंडी रुळलेला 'नोकर' हा शब्द मात्र समुद्राचा स्पर्शही नसलेल्या मंगोल भूमीतला आहे.

मंगोलिया हा रशिया व चीन यांच्यामधील भूवेष्टित देश होय. त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट. लोकसंख्या मात्र केवळ ३५ लाखांच्या आसपास. पाऊस अल्प, हिवाळा अतिकडक आणि दक्षिणेस गोबीचे वाळवंट. त्यामुळे तेथे शेतीपेक्षा पशुपालनच जीवनाचा आधार ठरले. घोडे, उंट, गुरे, मेंढ्या व शेळ्या घेऊन, दाबलेल्या लोकरीचे 'गेर' नावाचे गोल तंबू उभारीत, ऋतुमानाप्रमाणे कुरणे बदलणे ही तेथील पूर्वापार रीत.

अशा समाजात कुळाचे बंधन मोठे. तरीही आपले कुळ सोडून एखाद्या नायकाशी स्वेच्छेने निष्ठा जोडणारे वीर असत. त्यांस 'नोकोर', म्हणजे सोबती, म्हणत. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या तेराव्या शतकातील ग्रंथात याचे उदाहरण आढळते. तरुण तेमुजिनचे आठ घोडे चोरीस जातात. वाटेत भेटलेला बोओर्चू ते परत मिळविण्यास साहाय्य करतो, मोबदला नाकारतो आणि पुढे त्याचा नोकोर होतो. हाच तेमुजिन १२०६ मध्ये चंगीझखान झाला.

त्याचा नातू हुलागू याने १२५८ मध्ये बगदाद जिंकले. इराणात मंगोल सत्ता स्थिरावली व फारसीत मंगोल शब्द शिरले. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्यात व त्यानंतरच्या दख्खनी सुलतानांच्या दरबारी फारसीला मान होता; तिच्याद्वारे असे शब्द मराठीत उतरले. 'दरोगा' हा मूळचा जिंकलेल्या नगरावर नेमलेला मंगोल अधिकारी. तुर्की व मंगोल या दोन्ही भाषांत आढळणारा 'बहादूर' तर मंगोल राजधानीच्या नावातच आहे : १९२४ मध्ये ठेवलेल्या 'उलानबातर' या नावाचा अर्थ 'लाल वीर'.

आजच्या मंगोल भाषेत 'नोखोर' म्हणजे मित्र, सोबती, तसेच पती. मराठीत 'नोकर' म्हणजे वेतन घेऊन सेवा करणारा. स्वेच्छेचे नाते वेतनाचे झाले, तसा सोबती खालच्या पायरीवर गेला. 'नोकरी'ची प्रतिष्ठा मात्र टिकून राहिली. म्हणूनच मुलास नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात. पण त्यास कोणी 'नोकर' म्हटले, तर तोच शब्द अपमानाचा वाटतो.