उंचावलेल्या ऑफ-रोड वाहनांचे टायर आकारमान

खडकाळ, चिखलाच्या किंवा वाळूच्या वाटांवर चालवण्यासाठी सस्पेन्शन उंच केलेल्या पिकअप ट्रक व जीप प्रकारच्या वाहनांना मूळ टायरपेक्षा मोठे टायर बसवले जातात. त्यांचे आकारमान उपलब्ध जागा, गिअर गुणोत्तर, भारक्षमता आणि वाहनाचा वापर यांवरून ठरते.

उंचीशी संबंध

सस्पेन्शन उंच केल्याने चॅसिस व बॉडी वर जातात. मात्र अखंड अ‍ॅक्सल असलेल्या वाहनात अ‍ॅक्सल व त्यावरील डिफरन्शियल मूळ पातळीवरच राहतात. खडकाला अडकणारा हा भाग प्रामुख्याने मोठ्या व्यासाच्या टायरमुळेच उंचावतो. उंचावलेले सस्पेन्शन त्या टायरसाठी केवळ जागा करून देते.

आकारमानाचे वाचन

'२८५/७० आर१७' या खुणेत २८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० ही रुंदीच्या टक्केवारीत टायरच्या बाजूची उंची आणि १७ हा इंचांतील रिमचा व्यास असतो. या टायरचा एकूण व्यास सुमारे ८३१ मिमी भरतो. अमेरिकी पद्धतीच्या '३५×१२.५० आर१७' या खुणेत पहिली संख्या थेट व्यास दर्शवते. ३५ इंच म्हणजे ८८९ मिमी.

बदलाचे परिणाम

जीप रँग्लर रुबिकॉनच्या जेएल पिढीत २८५/७० आर१७ हे मूळ आकारमान आहे. त्याजागी ३५ इंची टायर बसवल्यास व्यास ५८ मिमीने वाढतो, परंतु डिफरन्शियल त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे २९ मिमी, वर जाते. दुरुस्त न केलेला स्पीडोमीटर १०० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ताशी सुमारे १०७ किमी असतो. ४.१० हे अ‍ॅक्सलचे गुणोत्तर परिणामतः ३.८३ इतके होऊन चढावरील ओढ घटते. जड चाकांमुळे ब्रेक व स्टिअरिंगच्या सांध्यांवरील ताणही वाढतो.

निवड

सपाट जागी उभ्या वाहनात दिसणारी मोकळी जागा फसवी असते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबलेल्या स्थितीत टायर मडगार्ड, चॅसिस किंवा ब्रेकच्या नळीला घासत नाही, याची खात्री करावी लागते. टायरचा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा आणि चारचाकी ड्राइव्ह असलेल्या वाहनात स्टेपनीही त्याच आकारमानाची असावी. त्यामुळे बसू शकणारा सर्वांत मोठा टायर योग्य ठरतोच असे नाही.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घालते.